औषधांची खोली

घाबरले की मला बोलायला होतं. बाकीची माणसं घाबरली की घाम पुसतात, पाणी पितात, देवाचं नाव घेतात. मी बोलते. बारावीच्या तोंडी परीक्षेत सरांनी बेडकाच्या हृदयाचे कप्पे विचारले होते, आणि मी बेडूक पावसाळ्यात कुठून येतो इथपासून सुरुवात केली होती. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप लावलं तर ही कुलपाशी बोलेल. यात नुकसान असं काही होत नाही, लोक हसतात आणि सोडून देतात, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. कॉलेज यवतमाळचं आहे, पण मी यवतमाळच्या कॉलेजात नाही. कॉलेजनं उमरखेडच्या बाजूला एका बाजाराच्या गावात शाखा काढली आहे, मी तिथे आहे. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नवा कागद आणि एप्रिल उजाडला की नवी काळजी. शाखेला स्वतःची म्हणावी अशी इमारत नाही. सरकारी दवाखाना हायवेवरच्या नव्या इमारतीत गेला तेव्हा गावातला जुना दवाखाना रिकामा पडला, तो आम्हाला मिळाला. समोरच्या गल्लीत एका व्यापाऱ्याचं कापसाचं गोदाम होतं, ते भाड्यानं घेऊन तिथे वाचनालय केलं. वॉर्डाचे वर्ग झाले, डॉक्टरांच्या क्वार्टरचं ऑफिस झालं आणि फाटकावरच्या जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकली. पाऊस जोरात आला की नव्या पाटीखालून लाल रंगाचा ओघळ येतो, कारण खालचं लाल क्रॉसचं चिन्ह कुणी खरवडलेलंच नाही.

त्या वर्षी प्रथम वर्ष विज्ञानाला एकोणीस नावं झाली होती. वीस झाली नाहीत तर यंदा वर्ग सुरू होणार नाही, आहेत ती मुलं यवतमाळला वर्ग करू, असा मुख्य कॉलेजातून फोन आला होता. पोती एका गोदामातून दुसऱ्या गोदामात न्यावीत तसं ते म्हणाले. एकोणिसातल्या बारा मुली होत्या, आणि त्यातल्या एकीच्याही घरून तिला यवतमाळला होस्टेलवर ठेवणार नव्हते. वर्ग बंद झाला तर त्या घरी बसणार, फार तर एखादी बीएला जाणार. माझंही काम जाणार होतं, ते मी कुणाला सांगत नव्हते, पण रात्री उठून नावं मोजायचे ती फक्त मुलींसाठी मोजायचे असं म्हटलं तर ते खोटं होईल.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी विसाव्या नावाची माणसं आली.

आमच्याकडे मुलीला कॉलेजात घालायच्या आधी घरचे कॉलेज पाहायला येतात. अगदी मुलाचं घर पाहायला जातात तसंच. आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेऊन चौकशी करायची, मग आत यायचं. प्रश्न फारसे विचारायचे नाहीत. नळाला पाणी आहे का, संडासाला कडी आहे का, फाटकाजवळ कोण उभं असतं, हे नजरेनंच बघायचं आणि कॉलेजातली माणसं काय बोलतात ते ऐकून घ्यायचं. तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. चहा प्यायचा, उठायचं आणि म्हणायचं, कळवतो. कळवतो म्हणजे नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तिघं होती, आई, वडील आणि मुलगी. वीसेक किलोमीटरवरच्या गावातून निंदणाचं काम टाकून आली होती. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता, खांद्यावर दुपट्टा. आई बारीक, चाळिशीची असेल, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. मुलगी प्लॅस्टिकचं फोल्डर छातीशी धरून उभी होती, त्यात तिचे सगळे कागद. बारावीला तिला चांगले गुण होते. मैत्रिणींबरोबर येऊन ती आधीच फॉर्म घेऊन गेली होती, त्यामुळे माझ्या ओळखीची होती. त्यांच्या गावाची एसटी सकाळी येते, दुपारी आणि संध्याकाळी परत जाते, म्हणून हे एकच कॉलेज तिला घरून करण्यासारखं होतं.

वडील फाटकातच म्हणाले, "पोरगी शिकीन त इथंच शिकीन मॅडम. बाहेरगावी ठेवाची नाई. इथं जमलं नाई त मंग घरी."

नळावर पाय धुण्याच्या निमित्तानं मुलगी मागे राहिली आणि मला हळूच म्हणाली, "मॅडम, हो म्हनतीन असं करा ना."

मी तिला म्हटलं, तू काळजीच करू नको. इतकी काळजी करणाऱ्या बाईनं दुसऱ्याला असं सांगावं, म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवण्यातलाच प्रकार.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमचे शिपाईकाका पुढे निघाले. काका इमारतीबरोबर आम्हाला मिळाले आहेत. दवाखाना होता तेव्हा ते तिथे सफाईला होते, नंतर रिटायर झाले, पण सकाळी पाय इकडेच वळायचे म्हणून कॉलेजनं त्यांना मानधनावर ठेवून घेतलं. ते स्वतःहून बोलत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि मी सहसा कुणाला विचारायला जागाच ठेवत नाही.

आधी मी त्यांना वाचनालय दाखवलं. गोदामाच्या पत्र्याला अजून कापसाचे धागे लोंबतात आणि पंखा लावला की पुस्तकांवर उतरतात. मी म्हटलं, आमच्या मुलांना पुस्तक झटकून मगच उघडायची सवय लागते, त्यामुळे पुस्तक उघडतात तरी. वडील हसले. मला धीर आला. धीर आला की माझं बोलणं कमी व्हायला हवं, पण तेही होत नाही.

मग मोठा वॉर्ड, म्हणजे आमचा मोठा वर्ग. भिंतींना दोनदा डिस्टेंपर मारलं तरी खाटांचे आकडे खालून दिसतात. मुलं आकड्यांवरून जागा ठरवतात, हजेरी घेताना कुणी म्हणतं, सर, सात नंबरचा पेशंट आज आला नाही. हेही मी सांगितलं. आईनं एका आकड्यावर बोट ठेवलं आणि काढलं. पुढच्या खोलीशी, जिथे आता गणिताचे तास होतात, वडील थांबले आणि मुलीकडे बघून म्हणाले, "हे इथंच झाली. ह्याच खोलीत."

ती बाळंतिणींची खोली होती. मी आनंदून म्हटलं, "म्हणजे हिचा पहिला प्रवेश इथलाच की!" मुलगी लाजली, वडील पुन्हा हसले. आता जमतंय असं मला वाटलं. या माणसाला हा दवाखाना ठाऊक आहे, त्याच्या बायकोला तर नक्कीच ठाऊक आहे, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या टाळक्यात शिरायला हवी होती. शिरली नाही. माझं डोकं वीस या आकड्यात अडकलं होतं.

संडासाच्या दाराला आदल्या दिवशी मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणून बसवून घेतली होती. आई आत गेली, तिनं कडी लावून पाहिली, काढून पाहिली, नळ सोडला, पाणी किती जोरात येतं ते बघितलं आणि बाहेर येऊन नवऱ्याकडे बघून मान हलवली. त्या एका मान हलवण्यानं मला इतकं बरं वाटलं की मीच तिला मिठी मारली असती.

उरली होती माझी प्रयोगशाळा.

प्रयोगशाळा मुख्य इमारतीपासून सुटी, मागच्या कोपऱ्यात आहे. तिच्यासमोर कडुनिंबाचं मोठं झाड आणि झाडाला बांधलेला पार. खोलीच्या खिडक्या उंचावर आणि रुंद, उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा. आत मोठं सिंक, मधोमध कंबरेइतक्या उंचीचं, वरून टाइल्स लावलेलं लांब दगडी टेबल आणि फरशीला उतार देऊन कोपऱ्यात काढलेली मोरी. वनस्पतीशास्त्राला याहून सोयीची खोली यवतमाळच्या कॉलेजातही नाही. दवाखान्याच्या काळात ते चिरघर होतं. अपघाती मेलेल्या माणसाला पोलिसांच्या कागदासाठी, सरकारी मदतीसाठी जिथे चिरून तपासतात ती जागा. पहिल्या वर्षी मी तिथे डबा उघडू शकत नव्हते. दुसऱ्या वर्षी उघडायला लागले. माणसाला सगळ्याची सवय होते, आणि उजेड खरंच चांगला होता.

यवतमाळच्या एका मीटिंगमध्ये आम्हाला सांगण्यात आलं होतं की येणाऱ्या पालकांना जागेचा इतिहास सांगत बसू नका. खोटं बोला असं कुणी म्हटलं नव्हतं. औषधांची खोली हे नाव आमचं आम्हीच काढलं, आणि वापरून वापरून ते गुळगुळीत झालं होतं. मुली विचारत नसत. त्यांना माहीत होतं की नाही, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

पाराजवळ आल्यावर मुलीची आई थांबली आणि पारावर बसली. मी म्हटलं, "थकला असाल, बसा." ती माझ्याकडे बघत नव्हती. वडील तिच्याकडे बघत होते. ते कुलूप गंजलेलं आहे, काकांना किल्ली फिरवायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी काही बोलेना. कुणीही काहीही विचारलं नव्हतं, हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं जे काही आहे ते इथे संपतं.

मी म्हटलं, "ही आधी औषधांची खोली होती."

मग कुलूप निघालं आणि आम्ही आत गेलो, पण मी थांबले नाही. औषधांना थंडावा लागतो ना, म्हणून अशी वेगळी बांधली, म्हटलं. खिडक्या उंचावर, कारण औषधांची चोरी व्हायची. हे टेबल खोकी उतरवायला. वडिलांची नजर कोपऱ्यातल्या मोरीवर गेली, तर मी मोरीचंही सांगितलं. बाटल्या फुटतात, औषध सांडतं, ते धुवायला लागतं. बोलता बोलता मलाच त्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या. काका दाराशी किल्ल्या हातात धरून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

आई पारावरून उठून उंबऱ्यापर्यंत आली. आत आली नाही. तिनं दारातूनच खोली पाहिली, वरपासून खालपर्यंत, एकेक भिंत. मग म्हणाली, "असं का."

सगळं फिरून होईपर्यंत ती एवढंच बोलली.

ऑफिसात मी चहा मागवला. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी विचारलं, "फॉर्म आणलाय ना?" तिचा हात फोल्डरच्या बटणाकडे गेला. वडिलांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "राहू दे." मग उठले, दुपट्टा खांद्यावर नीट केला आणि मला नमस्कार करून म्हणाले, "कळवतो मॅडम."

मुलगी त्यांच्या मागोमाग गेली. दारातून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. तिला माझा राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तिला आपलंच काही चुकलं असं वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी तशीच बसून राहिले. काय बिघडलं? संडास आवडला होता. वाचनालयात हसले होते. मी काकांना विचारलं, "चहा कडू झाला होता का हो?" घाबरल्यावर मी असलेही प्रश्न विचारते.

काका कप गोळा करत होते. म्हणाले, "चहा बराबर होता. मॅडम, ते बाई कोन हाये, तुमाले माहीत हाये का?"

"कोण?"

"इथं येत होती ते. मागं, लय वर्सं झाली. तिच्या लहान्या बहिनीले कापूस येचता येचता पान लागलं होतं. इथं आनली, पन आनेपर्यंत गेलती. डॉक्टर बाहेरगावी होते. सकाळपासून चार वाजेपर्यंत पोरगी आत चिरघरात आन हे बाई बाहेर पारावर. म्या माह्या डब्यातली भाकर देल्ली, घेतली नाई. नंतर कागदासाठी सहा महिने चकरा मारल्या तिनं. म्या फाटकातच ओळखलं."

पान लागणं म्हणजे साप चावणं. सापाचं नाव घेत नाहीत म्हणून असं म्हणतात. कळायला मला काही अवघड नव्हतं, तरी मी दोनदा विचारलं. मग मी काकांवर ओरडले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं मला?"

"तुमी बोलून राह्यल्या होत्या," काका म्हणाले. "मधात कसा बोलू?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

एसटी स्टँड आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी धावत निघाले. पावसानं रस्ता चिखल झाला होता, एक चप्पल रुतली ती हातात घेतली, दुसरीही घेतली. बाजाराच्या गावात एखादी मॅडम अनवाणी धावताना दिसली तर संध्याकाळपर्यंत ती बातमी होते, पण तेव्हा ते सुचलं नाही. मला एवढंच कळत होतं की त्या मुलीचं शिक्षण माझ्या जिभेनं थांबवलं आहे. अडाणी बापानं नाही, गरिबीनं नाही, रूढीनं नाही. हे सगळे शब्द मी व्याख्यानांत वापरलेले आहेत. इथे यांतलं काहीच नव्हतं, एक मी होते.

गाडी उभी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर चहाला गेले होते. आई खिडकीशी, तिच्या शेजारी वडील आणि मागच्या सीटवर मुलगी. मी खिडकीखाली जाऊन गजांना धरलं. धाप लागली होती, त्यामुळे वाक्यं आपोआप छोटी झाली.

"ती औषधांची खोली नव्हती," मी म्हटलं. "चिरघर होतं. मी खोटं बोलले."

आई म्हणाली, "माहीत हाये."

वडील खिडकीकडे वाकले. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, साऱ्या तालुक्याले माहीत हाये. आम्ही घरी बोलूनच आलतो. पोरीची माय म्हने, दवाखाना गेला, आता तिथं पोरी शिकून राह्यल्या, त आपली बी शिकू द्या. फॉर्म रातीच भरला. सही बी केली म्या. फक्त मान्सं कशी हायेत ते पाह्याले आलतो." ते थांबले. "म्या तुमाले इचारलं होतं का, हे खोली कायची म्हनून?"

"नाही."

"मंग काहून सांगतलं?"

"भीती वाटली. तुम्ही नाही म्हणाल अशी."

"आन उद्या पोरगी चक्कर येऊन पडली, काई झालं, त तुमी आमाले फोनवर काय सांगसान? औषधाची खोली?"

सही झालेला फॉर्म त्या फोल्डरमध्ये होता. सकाळी फाटकातून आत येतानाच तो हो होता. मी काहीही न करता, नुसती गप्प बसून राहिले असते तरी वीस झाले असते.

मागच्या सीटवर मुलगी खाली मान घालून बसली होती. मला म्हणावंसं वाटलं की तिला शिक्षा करू नका, चूक माझी आहे. पण हेही पुन्हा बोलणंच झालं असतं, समोरच्याला वळवण्यासाठी केलेलं. मी काही म्हटलं नाही. गज धरून उभी राहिले.

मग आई म्हणाली, "आत दगडाचं टेबल होतं म्हनत. म्या पाह्यलं नोतं कधी. बायाले जाऊ देत नोते."

मला वाटलं, आता हे सांगितलं की संपलं. पण सांगितलं. "तुम्ही आज पाहिलं तेच आहे. मधलं. आम्ही त्याच्यावर टाइल्स लावून घेतल्या."

तिनं गज धरला. वडील म्हणाले, "अवं, राहू दे आता." तिनं ऐकलं नाही.

"त्याच्यावर काय करता तुमी?"

"मुली सूक्ष्मदर्शक ठेवतात. फुलं उघडून बघतात, पानांचे पातळ काप करतात. रोज पुसून घेतो."

"पोरी असतात तिथं?"

"पोरीच जास्त. बारा आहेत यंदा."

"मंग बोलत असतीन."

"फार बोलतात. हसतात तर इतक्या की बाहेर ऐकू येतं. मी ओरडते त्यांच्यावर."

ती समोर बघत होती. स्टँडवर एक म्हातारी पेरू विकत होती, तिच्याकडे बघत होती की कुठे, मला कळलं नाही. मग म्हणाली, "माही बहीन लय भित्री होती. घरात एकटी बसत नोती. त्या दिवशी सकाळपासून तिथं एकटी होती." पदराच्या टोकानं तिनं नाक पुसलं. "पोरी हसल्या त ओरडत नोका जाऊ मॅडम."

मी बरं म्हटलं. मला रडू येत होतं. ते आवरण्याचा अधिकार मला आहे, वाहू देण्याचा नाही, असं वाटलं.

कंडक्टर आला, घंटीची दोरी ओढून पाहिली, ड्रायव्हर चढला. आई मागे वळली आणि मुलीला म्हणाली, "उतर."

मुलीला कळेना. वडील म्हणाले, "अवं, गाडी निंगून राह्यली."

"आज शेवटचा दिवस हाये ना? उतर बाई. मॅडमसंग जाय, कागद देऊन ये. आमी पुढं जातो, निंदन पडून हाये. तू साडेपाचच्या गाडीनं ये." मग नवऱ्याकडे बघून, "खरं बोलतानी पाह्यलं ना आता. आनखी काय पाह्याचं हाये?"

वडील बसल्या जागी दुपट्टा हातात घेऊन क्षणभर तसेच राहिले. ती मुलगी आजवर एकटी एसटीत बसली नव्हती, हे मला नंतर कळलं. ते उठले, मुलीला वाट दिली, तिच्यामागून दारापर्यंत आले. ती उतरली. ते पायरीवर उभे राहून माझ्याशी बोलले.

"मॅडम, साडेपाचची गाडी कधी येते, कधी येत नाई."

येईल हो, नक्की येईल, असं माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. "हो," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात दोन दिवस आली नव्हती. आज नाही आली तर हिला माझ्या खोलीवर ठेवते आणि तुम्हाला फोन करते."

"जे असन ते सांगजा."

"जे असेल ते सांगते."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. गाडी सुटली. खिडकीतून आईनं मागे पाहिलं, मुलीकडे नाही, माझ्याकडे. गाडी बाजाराच्या वळणाआड जाईपर्यंत मी तिथून हलू शकले नाही. त्यांची मुलगी माझ्या शेजारी उभी होती, आणि साडेपाचला अजून तीन तास होते.